कॉपी चालू असताना पळालेला माऊस

सिस्टीमताई कॉम्प्युटर दुरुस्त करण्याआधी त्याच्या डब्यावर तळहात ठेवायच्या. आत डिस्क कशी फिरतेय ते म्हणे हाताला कळतं! नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या वर्कशॉपमधले सगळे कॉम्प्युटर त्यांच्या ताब्यात, आणि मी तीन महिन्यांच्या बोलीवर लागलेली ड्रॉइंगवाली.

"रीस्टार्ट काय, कुनीबी करतंय. का अडलं ते सांग," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. काष्टीच्या बैलबाजारात भाव तोडावा तसं तोडून बोलायच्या. मला भयंकर राग यायचा.

एका दुपारी मीच घोळ घातला. चारच्या आत गिऱ्हाइकाला ड्रॉइंग पाठवायचं होतं. त्यावरच माझी नोकरी कायम व्हायची होती. आणि नेमका तेव्हाच मी शहाणपणा केला. कॉम्प्युटरला जोडलेली, मरायला टेकलेली जुनी डिस्क नव्या डिस्कवर कॉपीला लावली. झालं! माऊस थिजला, एकेक रेघ उमटायला मिनिट लागायला लागलं. घाबरून मी रीस्टार्टचं बटण दाबायला गेले, तर ताईंनी मनगटच धरलं.

"येडी हाय का? जुनी डिस्क थांबली तर परत फिरायची न्हाई. समद्या गिऱ्हाइकांची कामं हायेत तिच्यात."

"मग माझं ड्रॉइंग, ताई?"

"कॉपी म्हंजी उसाचे ट्रॅक्टर. लाईन लावून उभे हायेत नव्या डिस्कच्या दारात. तुज्या ड्रॉइंगची सायकल त्येंच्या मागं अडकली. ट्रॅक्टर थांबवायचे न्हाईत, सायकल मधून काढायची."

डिस्कच्या दारात कुणाची पाळी कधी, हे ठरवणारा शेड्यूलर आमच्या लिनक्सवर चालत्या कामातही बदलता येतो, हे मला तेव्हा कळलं. ताईंनी दोनच ओळी टाइप केल्या. एकीने शेड्यूलर बदलला, दुसरीने कॉपीला सगळ्यांच्या मागे उभं केलं. आणि माऊस पळाला! मी चक्क ओरडले. कॉपी हळू झाली, पण थांबली नाही. ड्रॉइंग चारला दहा कमी असताना गेलं.

तेवढ्यात साहेब आले, त्यांना स्क्रीनवर कॉपी चाललेली दिसली. "ऐन कामात कॉपी कुणी लावली?"



"म्या लावली," ताई म्हणाल्या, मान वर न करता.

महिनाअखेर मी कायम झाले. गेल्या वर्षी ताई निवृत्त झाल्या, तेव्हा निरोपाच्या चहाला मला राहवेना. साहेबांना सगळं खरं सांगून टाकलं.

साहेब हसले. "मला त्याच दिवशी कळलं होतं. ताई भर दुपारी कॉपी लावतील होय?"