फेब्रुवारी सोडून

जगातल्या प्रत्येक गोष्टीची एक योग्य वेळ असते आणि बाकीचे सगळे लोक ती गोष्ट नेमकी चुकीच्या वेळी करतात, यावर आमच्या डोक्यावर राहणाऱ्या साहेबांचा जेवढा विश्वास होता तेवढा मी कुणाचा देवावरही पाहिलेला नाही. डोक्यावर म्हणजे बदलापूरला, कात्रपमध्ये, आमच्या बरोबर वरच्या ब्लॉकात. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते तपासणी खात्यात अधिकारी होते. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंत दिवसभर खोट काढायची आणि संध्याकाळी घरी यायचं, हा वीस वर्षांचा शिरस्ता. त्यामुळे बिनखोटीची वस्तू आणि बिनखोटीचा दिवस जगात असतोच, फक्त धीराने शोधावा लागतो, अशी त्यांची समजूत झाली होती. ते छत्री जानेवारीत घेत, कूलर डिसेंबरात आणि स्वेटर मे महिन्यात. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये भर दुपारी घामाने निथळत त्यांनी लोकरीचा स्वेटर अंगात घालून बघितला, तेव्हा सिंधी दुकानदाराने आधी त्यांच्या कपाळाला हात लावला आणि काळजीने विचारलं, "साईं, बुखार तो नहीं?" दिवाळीचे फटाके ते तुळशीचं लग्न उरकल्यावर घेत, पुढच्या वर्षासाठी. मधला अख्खा पावसाळा त्या फटाक्यांनी साहेबांच्या माळ्यावर काढलेला असे. पुढल्या दिवाळीत ते मोठ्या ऐटीत वात पेटवत, बिल्डिंगमधली पोरं कानांत बोटं घालून उभी राहत, आणि पाच मिनिटांनी एकेक पोर बोटं काढून फराळाला निघून जाई. "वाजला नाही, पण दर बघा ना मास्तर," साहेब म्हणत.

मास्तर म्हणजे मी. बदलापुरातल्याच एका शाळेत मी भूगोल शिकवत असे, आणि केवळ त्या अपराधापायी साहेबांच्या बोटीचा मी तज्ज्ञ सल्लागार झालो.

ही बोट कोचीनहून लक्षद्वीपला जायची. चार-पाच दिवसांची सफर, रात्री बोटीवर झोपायचं, दिवसा एकेका बेटावर उतरायचं. कॅम्प पाचमध्येच त्या स्वेटरवाल्याच्या माडीवर एक प्रवास एजंट बसे, त्याच्याकडून साहेबांनी तिचं रंगीत पत्रक आणलं होतं. साहेब मूळचे माणदेशातले. पाणी टँकरने येतं एवढंच ज्यांना लहानपणी ठाऊक, अशा माणसाने इतकं निळं पाणी बघितल्यावर त्याचं काय होणार? पत्नी असताना त्या दोघांनी जायचं ठरवलं होतं. "हंगाम उतरू दे, दर उतरतील, असं मीच म्हटलं तिला," ते एकदाच मला म्हणाले होते. दर उतरायच्या आत ती बाई तापाने गेली. मूलबाळ नव्हतं. ते वर्ष संपताना साहेब आमच्या वरच्या ब्लॉकात राहायला आले. सामानात फारसं काही नव्हतं, पण पत्रक नीट घडी करून आणलेलं होतं.

दर रविवारी सकाळी साडेदहाला जिन्यावर त्यांच्या सपाता वाजत. बगलेत भिंतीवरचं कॅलेंडर गुंडाळलेलं असे. "वहिनी, चहा नको हं," असं म्हणून ते आमच्या झोपाळ्यावर बसत आणि ही चहा आणी. मग कॅलेंडर जमिनीवर पसरून चार कोपऱ्यांवर आमच्याच चार वाट्या ठेवून ते तारीख मांडत. तारखेला अमावास्या-पौर्णिमा जवळ नको, कारण तेव्हा भरती मोठी. अष्टमी उत्तम. पावसाळ्यात नारळी पौर्णिमेआधी तर समुद्राचं नाव काढायचं नाही. "अहो साहेब, अष्टमीची भरती किनाऱ्यावर. मधल्या दर्यात बोटीला अष्टमी काय नि एकादशी काय!" असं मी शास्त्रोक्त सांगितलं, तर ते समजूतदारपणे म्हणाले, "असेल, पण आपण बसणार किनाऱ्यावरूनच ना?"

तारीख पाडणं हा मग माझा छंद झाला. मेच्या पहिल्या आठवड्यातली तारीख आली की मी नकाशा काढून मोसमी वाऱ्यांवर व्याख्यान देई. नोव्हेंबरची आली की चक्रीवादळं काढी. वादळ नसलं तर माझे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असत, नाहीतर सासुरवाडीचं लग्न. साहेब एकही शब्द उलट बोलत नसत. तारखेवर बारीक फुली मारत, कॅलेंडर गुंडाळत आणि म्हणत, "बरोबर. खोट आहे. पुन्हा बघतो." मला वाटे, काय करमणूक आहे! सहामाहीचे पेपर तपासून आंबलेल्या माणसाला रविवारी असा एक वरचा शेजारी म्हणजे फुकटचं नाटक. असं मला वाटे, हे आज कबूल करायला लाज वाटते.

खोट खरी एकच होती आणि ती साहेबांनी मला पहिल्याच वर्षी सांगितली होती. बोटीची खोली दोघांची. एक बर्थ खाली, एक वर. दर लावलेला जोडीचा. एकट्याने जायचं तर रिकाम्या बर्थचेही भरायचे. "तेव्हा सोबत कुणीतरी हवं, मास्तर. एकट्याने नाही जमायचं," ते पत्रकाकडे बघत म्हणाले. "मिळेल हो कुणीतरी, कारखान्यात एवढी माणसं आहेत," मी म्हणालो आणि झोपाळ्याला पायाने झोका दिला. ही आतून माझ्याकडे बघत होती. चहाचे कप उचलताना म्हणाली, "तुम्हाला नसेल जायचं तर तसं सांगा तरी त्यांना." मी म्हटलं, "मला कुठे विचारलंय त्यांनी?" आणि खरंच, तोंडाने त्यांनी कधीच विचारलं नव्हतं.

तयारी मात्र दोघांची चालली होती. बोट लागू नये म्हणून ते जेवणानंतर आमच्या झोपाळ्यावर अर्धा तास मोठे झोके घेत आणि मलाही शेजारी बसवत. आवळासुपारीच्या दोन पुड्या आणत, एक मला देत. एका मे महिन्यात तर रंगीत तालीम म्हणून त्यांनी मला भल्या सकाळी बॅरेजच्या बंधाऱ्यावर नेलं, उल्हास नदीत होडीतून फिरायला. होडीवाला तिथलाच आगरी शेतकरी. साहेबांनी डोक्यावर कारखान्यातलं पिवळं हेल्मेट घातलं होतं. नदीच्या मध्यावर पोचताच ते कप्तानासारखे उभे राहिले आणि क्षितिज शोधू लागले. होडीवाला ओरडला, "ओ सायेब, बसा खाली! होरी पलटी व्हईल, नि या मास्तरला पोवता पन येत नाय!" साहेब झटकन बसले, माझा दंड घट्ट धरला आणि काठ येईपर्यंत सोडला नाही. काठावर आल्यावर म्हणाले, "दोघं असलं की भीती नाही वाटत, नाही?" मी भिजलेला लेंगा पिळत होतो. मी हो म्हटलं की नाही, आठवत नाही.

एका रविवारी मीच त्यांना बिनतोड तारीख काढून दिली होती. म्हटलं, "साहेब, फेब्रुवारी! समुद्र तळ्यासारखा. शाळा-कॉलेजं चालू, म्हणून गर्दी नाही. गर्दी नाही म्हणून दर कमी. तुमच्या सगळ्या तत्त्वांत बसतो." कायम ऑफ सीझनला बाजार करणारा हा माणूस, त्याने खरं तर टाळी द्यायला हवी होती. त्यांनी कॅलेंडरचं पान उलटलं सुद्धा नाही. "फेब्रुवारी नको," म्हणाले. का नको, ते सांगेनात. मग मी हा किस्सा टीचर्स रूममध्ये रंगवून सांगितला आणि सगळे पोट धरून हसले. त्यानंतर कितीतरी वर्षं इतर तारखांवर फुल्या मारून झाल्या, पण फेब्रुवारीला त्यांनी हात लावला नाही.

साहेब निवृत्त झाले. त्या जानेवारीत एका रविवारी ते कॅलेंडर न घेता खाली आले. झोपाळ्यावर बसले नाहीत, दारातच उभे राहून म्हणाले, "मास्तर, ठरलं. फेब्रुवारीत जातोय." मी आनंदाने उठलो. "अरे वा! शेवटी ऐकलंत माझं! मी सांगत होतो की नाही?" साहेब हसले. "हो, तुम्ही सांगत होता," म्हणाले आणि चहा न घेता वर गेले. त्या दिवशी ही माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. मला वाटलं, डाळ महागली म्हणून असेल.

ते सफरीला गेल्यावर चार दिवसांनी मी शाळेच्या कामाला कॅम्प पाचमध्ये गेलो होतो, तर जिन्यात तो प्रवास एजंट भेटला. मी बदलापूरचा मास्तर, हे कळल्यावर त्याने दोन्ही हात जोडले. "अच्छा, आप हो वो मास्तरजी! अरे साईं, मैं दस साल से बोल रहा था साहब को, फरवरी में जाओ, फरवरी में जाओ. हर बार एक ही बात, 'नहीं, मास्तर की स्कूल चालू रहती है.' दिवालीवाला टाइम बोले तो भाऊबीज के बाद का ही माँगते थे. इस बार आप नहीं गये?"

भाऊबीजेला जिच्याकडे डोंबिवलीला जायचं, ती बहीण मला होती. साहेबांना बहीणच नव्हती. इतक्या वर्षांच्या त्या तारखा माझ्या डोळ्यांपुढून गेल्या, मेमधल्या, दिवाळीतल्या, आणि प्रत्येक तारीख माझ्या सुट्टीत बसत होती. कारखान्यातून त्यांना कधीही रजा मिळत होती. अमावास्या, अष्टमी सगळं पाहून झाल्यावर तो माणूस शेवटी माझं वेळापत्रक पाहत होता, आणि मी त्याला वाऱ्यांची दिशा समजावून सांगत होतो. अशा वेळी माणसाने काय करावं, हे भूगोलात नाही.

साहेब आले ते काळेकुळकुळीत होऊन. फोटोंचं पाकीट घेऊन खाली आले, आम्ही दोघं हावरटासारखे बघायला बसलो. समुद्र. पुन्हा समुद्र. माड. पांढरी वाळू आणि त्यात एकाच माणसाच्या पावलांची रांग. छत्तीस फोटो संपले तरी साहेब कुठे दिसेनात. हिने विचारलं, "भावजी, तुमचा एकपण नाही?"

"काढणार कोण वहिनी?"

"आणि खोलीत दुसरं कोण होतं?" मी विचारलं.

"कुणी नाही. फेब्रुवारीत बोट रिकामीच असते हो. म्हणून तर दर कमी." मग ते उत्साहाने म्हणाले, "मी दोन्ही बर्थवर झोपून पाहिलं. वरचा बरा."

मी म्हटलं, "साहेब, येत्या मेमध्ये पुन्हा जाऊ या. मी येतो." माझा आवाज मलाच चोरटा वाटला. त्यांनी फोटो पाकिटात नीट भरले. "आता पाहून झालं, मास्तर," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी साडेदहाला हिने चहाचं आधण ठेवलं. अकरा वाजले, जिना वाजला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. तारीख ठरवायची उरली नव्हती, मग खाली कशासाठी यायचं? काही काम नसतानाही यायचं असतं, हे मी इतक्या वर्षांत त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

तिसऱ्या रविवारी मी सदरा घातला आणि जिना चढलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा. बेल दाबल्यावर साहेब गडबडीने दारात आले. "काय झालं मास्तर? वहिनी बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत. सहज आलो."

"सहज?" त्यांना दार पूर्ण उघडायचं सुद्धा भान राहिलं नाही. मग एकदम लगबगीने आत गेले, घरातली एकुलती एक खुर्ची रुमालाने पुसून माझ्यापुढे सरकवली, आणि बसायला दुसरं काही आहे का ते शोधत घरभर बघू लागले.