पुठ्ठ्यावरचं कोर्ट

आमच्या वरच्या खोलीत राहायला आलेल्या पोरीनं पहिल्याच आठवड्यात सगळ्या गल्लीवर आरोप ठेवले. म्हणून तिचं नाव पडलं फिर्यादी. गाव सुरगाण्याकडचं. दिवसा सातपूरच्या एका कंपनीत पॅकिंगला जायची आणि उरलेल्या वेळात कोर्टातल्या क्लार्कच्या परीक्षेचा अभ्यास करायची. बाकीचे पेपर तिला सोपे. इंग्रजीत मात्र गुन्ह्याचे आणि शिक्षेचे शब्द यायचे, आणि तिथंच ती दोनदा आपटली होती. ही तिसरी खेप शेवटची. घरून निरोप होता, यंदा नाही जमलं तर सामान घेऊन ये, स्थळ बघून ठेवलंय.

घोकून शब्द डोक्यात राहीनात, म्हणून तिनं वेगळीच रीत काढली. कंपनीतल्या फाटक्या खोक्यांचे तळहाताएवढे पुठ्ठे कापायचे, एकेकावर एकेक शब्द लिहायचा आणि तो कुणाच्या तरी नावावर चढवायचा. शेजारचे नाना सकाळी पूजेसाठी आमच्या जास्वंदीची फुलं न विचारता तोडतात. त्यांच्या नावावर थेफ्ट.

"अगं, देवासाठी तोडतो मी," नाना म्हणाले.

"तो झाला मोटिव्ह, नाना. गुन्हा तोच राहतो."

दुसऱ्या दिवशी नानांनी फुलं तोडली ती जिन्याकडं तोंड करून, मोठ्यानं सांगून. "फिर्यादी, थेफ्ट चाललीय बरं का."

माझ्याकडं ती पुठ्ठा घेऊन आली तेव्हा मी साफ सांगितलं, "आरोपी व्हायला दुसरा कुणी बघ. आपलं कधी काही चुकलेलं नाही." मी चौथीपर्यंत शिकलो, तीही कशीबशी. पण सत्तर वर्षांत मी चूक कबूल केल्याचं कुणाला आठवत नाही, बायकोला तर नाहीच. पोर हसली आणि तिनं मला जज करून टाकलं. तेव्हापासून तिची पहिली पाळी सुटली की चार वाजता ओट्यावर कोर्ट भरायचं. मी टोपी सारखी करून खुर्चीत. मला इंग्रजी वाचता येत नाही हे मी तिला सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पुठ्ठ्यावर इंग्रजीच्या खाली मराठीत मोठं मोठं लिहिलेलं असायचं. "माझ्याच सोयीसाठी हो, बाबा," म्हणायची.

शिक्षा मला एकच आवडायची. लाइफ इम्प्रिझनमेंट.

"बाबा, फुलांना कुठं जन्मठेप असते? फाइन असतो."

"माझ्या कोर्टात असते."

मग ती अपील घेऊन आत पळायची. आमच्याकडं हायकोर्ट गॅसपाशी बसतं. बायकोनं उलथणं हलवत निकाल दिला, "देवाला वाहिलेल्या फुलाची कसली चोरी? सोडून द्या नानांना. आन् तू ह्यांचं लय मनावर घेऊ नको." ॲक्विट हा शब्द पोरीला उलथण्यासकट पाठ झाला.

घोडं अडलं ते बेल आणि पॅरोलपाशी. दोन्हीत माणूस सुटतोच, मग फरक काय, हे तिच्या डोक्यात बसेना. रोज उलटंच सांगायची आणि रडकुंडीला यायची. परीक्षा आठ दिवसांवर आली. मला साखर निघाल्यापासून बायकोनं कोपऱ्यावरची मिसळ बंद केली होती. त्या रविवारी तिला काय वाटलं कुणास ठाऊक. म्हणाली, "जा, आजच्या दिवस खाऊन या. अर्ध्या तासात घरात पाहिजे." मी चपला घालतोय तोच फिर्यादी जिन्यावरून धडाधड खाली.

"बाबा, सापडलं. शिक्षा चालू असताना थोडा वेळ बाहेर सोडतात, तो पॅरोल. बेल म्हणजे खटल्याचा निकाल लागायच्या आधीच बाहेर."

कैद्याबरोबर पोलीस पाहिजे म्हणून ती मिसळ खायला माझ्याबरोबर आली आणि माझ्या वाटचा एक पावही तिनं जप्त केला.

पेपरात नेमका शब्द वापरून वाक्यं करायचा प्रश्न आला. हिनं सगळी गल्ली त्यात घातली. नाना, जास्वंद, उलथणं, माझी मिसळ, झाडून सगळं सरकारी कागदावर. हे ऐकून मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, कागदात नाव आधी कुणाचं, माझं की नानांचं? नानांचं होतं. ते मला अजून पटलेलं नाही.

पास झाली पोर. नेमणूक मालेगावकडं. निघायच्या दिवशी ओट्यावर पुठ्ठे लावत बसली, तर एक मिळेना.

"पॅरोल कुठाय?"

"या वेळी मी नाही हां," नाना म्हणाले.

बायको दारातून म्हणाली, "ह्यांच्या टोपीत बघ."

साक्षीदार घरातलाच निघाला. टोपी काढावी लागली. पुठ्ठा माझ्या मांडीवर पडला. फिर्यादी कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"बाबा, गिल्टी की नॉट गिल्टी?"

सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मी म्हणालो, "गिल्टी."

बायको म्हणाली, "परत म्हणा की."

मी टोपी परत डोक्यावर चढवली. पोरीला शिक्षा विचारली. तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "क्लार्कला शिक्षा देता येत नाही, बाबा. तारीख देता येते. दिवाळीनंतरची घ्या. तोवर तुम्ही बेलवर."

शब्द अगदी बरोबर वापरला.

दिवाळी झाली, तिला यायला जमलं नाही. फोनवर संक्रांतीची तारीख दिली, मग पाडव्याची. कोर्टाचं काम म्हटल्यावर हे असंच चालायचं. मी मात्र प्रत्येक तारखेला चार वाजता ओट्यावर हजर असतो, पुठ्ठा टोपीत ठेवून. आरोपी पळाला असं कुणी म्हणायला नको.