विकरं, बटाटे आणि खाली घातलेल्या माना

बायोलॉजीचा मास्तर असला की फजित्या गोळा कराव्या लागत नाहीत, त्या आपोआप साचतात. खाडीच्या तोंडाशी गाळ साचतो तशा. रोज थोड्या. एक दिवस बघावं तर होडी रुतलेली!

श्रीवर्धनच्या बाजूला आमचं ज्युनिअर कॉलेज आहे. नाव सांगत नाही, कारण त्या नावाला शोभेल असं आम्ही फारसं काही केलेलं नाही. मी, कांबळे मॅडम, अकरावीला बायोलॉजी शिकवते. त्यातही पेशी ऊर्जा कशी तयार करते हा धडा, म्हणजे श्वसन, माझ्या खास आवडीचा. माझी मान सगळ्यात जास्त वेळा खाली गेली तीही ह्याच धड्यात.

*

ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपी किती मिळतात? एटीपी म्हणजे पेशीचं सुट्टं चलन, असं मी मोठ्या ऐटीत सांगते. मी शिकले तेव्हा उत्तर होतं अडतीस. तेच फळ्यावर लिहिलं.

एका मुलीनं गाईड वर केलं. "मॅडम, ह्यात छत्तीस आहे."

म्हटलं, "छत्तीसही चालतं. पेशीपेशीत फरक असतो."

मागून एकानं मोबाईल पाहून सांगितलं, "मॅडम, आता तीस-बत्तीसच धरतात म्हणे."

ते बरोबर होतं. ते नवं गणित मला ठाऊकही होतं, पण जिभेवर जुना आकडा बसलेला. मी अडतीस पुसून छत्तीस लिहिलं, छत्तीस पुसून बत्तीस! शेवटी पहिल्या बाकावरचा शांत मुलगा काळजीनं म्हणाला,

"मॅडम, ग्लुकोजमध्ये पण भेसळ व्हायला लागली का हो?"

*

क्रेब्स सायकल, म्हणजे श्वसनातलं रासायनिक चक्र. हे चक्र जिथून निघतं तिथंच परत येतं, नाहीतर त्याला चक्र कोण म्हणेल?

त्या दिवशी प्रिन्सिपल मॅडम मागे येऊन बसल्या होत्या. मी जोशात सुरुवात केली, पण पहिलं वर्तुळच इतकं मोठं काढलं, की सहाव्या पायरीला फळा संपला. प्रिन्सिपल मॅडमसमोर पुसायची लाज वाटली. मग उरलेलं चक्र मी सरळ भिंतीवर नेलं! खिडकीच्या चौकटीखाली सातव्या पायरीचं मॅलेट आलं, आणि पुढं घंटा झाली.

संध्याकाळी आमचे लॅब असिस्टंट गणूमामा फडकं घेऊन स्टाफरूमच्या दारात आले. सगळ्यांसमोर विचारलं,

"मॅडम, ते भिंतीवर गेलेलं पुसू, की उद्या खिडकीतून भायेर काढायचा हाय?"

*

ह्याच गणूमामांची दुसरी गोष्ट. म्हणजे माझीच.

तपासणीला एक साहेब येणार होते. ठरलं की विकराचा, म्हणजे एन्झाईमचा, प्रयोग दाखवायचा. कच्च्या बटाट्याच्या फोडीवर हायड्रोजन पेरॉक्साईड टाकलं की बटाट्यातलं एन्झाईम त्यातून ऑक्सिजन मोकळा करतं आणि फसफसून फेस येतो. सोपा प्रयोग, हमखास टाळ्या! मी मामांना एवढंच सांगितलं, "बटाटे तयार ठेवा."

साहेब आले, खुर्चीवर बसले. मी छोटंसं भाषण केलं, "बघा, ह्या साध्या बटाट्यात केवढी शक्ती आहे!" आणि ड्रॉपरनं थेंब टाकले.

काही नाही.

पुन्हा टाकले. नाहीच. मुलं माझ्याकडं बघतायत, मी बटाट्याकडं. मी म्हणाले, "कधी कधी जरा वेळ लागतो." साहेबांनी ताटलीतली एक फोड उचलली आणि दोन बोटांत दाबली. फोडीचा लगदा झाला!

"मॅडम," साहेब म्हणाले, "उष्णतेनं एन्झाईम निकामी होतं, असं आम्हाला शिकवलं होतं."

माझा चेहरा तापला. मी मामांकडं पाहिलं. मामांना वाटलं, बटाटा नीट शिजलाय का ते साहेब बघतायत.

"मऊसूत उकडलेत साहेब, पोरांना कापायला सोपे. मीठ तेवढा टाकायचा रायला!"

*

पावाचा किस्सा मी सहसा सांगत नाही. पण सुरू केलंय तर होऊन जाऊ दे.

यीस्टला ऑक्सिजन मिळाला नाही तरी ते साखर फोडून ऊर्जा काढतं. त्यात कार्बन डायऑक्साईड निघतो, त्यानं पाव फुगतो, आणि जोडीला थोडं अल्कोहोलही तयार होतं. वर्गाला झोप येत होती, म्हणून मी जरा मसाला टाकला. "म्हणजे बघा, रोज सकाळी चहात तुम्ही काय बुडवता? दारूच!"

वर्ग हसला. मीही हसले. नाझिया हसली नव्हती, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

चार दिवसांनी तिचे आजोबा कॉलेजात आले. गावात बेकरी त्यांचीच. दारात चपला काढल्या, सलाम केला आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, नाझिया पाव खात न्हाय. तिचं ऐकून मोहल्ल्यातली पोरं पण खात न्हाईत. बोलतात, मॅडमनी सांगितलं, हराम हाय. चाळीस वर्षं मी लोकांना काय खिलवलं मॅडम?"

त्यांचे डोळे भरले होते. मी सांगितलं की भट्टीच्या आचेनं ते अल्कोहोल उडून जातं, भाजलेल्या पावात नशा येण्यासारखं काही उरत नाही, माझी चेष्टा चुकली.

"मला नका सांगू," ते म्हणाले. "तिथं येऊन सांगा."

संध्याकाळी गेले. बेकरीसमोर सगळा मोहल्ला जमलेला. मी पीठ, यीस्ट, भट्टी सगळं समजावलं. सगळ्यांसमोर नाझियाची माफी मागितली. मग आजोबांनी गरम पाव पुढं केला आणि मी उभ्या उभ्या खाल्ला. एवढ्यात ओट्यावरची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली,

"आता चालून दाखवायला सांग गो तिला. सरळ चालते का बघू!"

आधी नाझिया हसली. मग तिचे आजोबा.

*

आता सायलीची गोष्ट.

सायली अकरावीतली. पी.टी.च्या तासाला धावायला लागली की मिनिटभरात पाय धरून खाली बसायची. आमचे पाटील सर पी.टी. शिकवतात. स्वतः रोज सकाळी किनाऱ्यावर धावणारा माणूस, त्यांना बसलेला माणूस सहन होत नाही. ते म्हणायचे, "आली बघा आमची महाराणी! पालखी आणा रे!" स्टाफरूममध्येही तो विनोद चालायचा. आम्ही सगळेच हसायचो.

एक दिवस सरांनी तिला बसूच दिलं नाही. "नाटकं पुरे. राऊंड पूर्ण कर." तिनं रडत रडत पूर्ण केला.

दुसऱ्या दिवशी तिला लघवी काळपट चहासारखी झाली. अलिबागला नेली, तिथून मुंबईला. बऱ्याच दिवसांनी तिची आई स्टाफरूममध्ये आली. भांडायला आली असेल म्हणून आम्ही सगळे ताठ बसलो.

"मॅडम, एन्झाईम म्हंजे काय असतंय? डॉक्टर बोलले, पोरीच्या पायांत त्ये न्हाय."

मी सांगितलं. स्नायूत साखर साठवलेली असते. धावताना ती फोडून वापरायला एक एन्झाईम लागतं. सायलीच्या स्नायूंत तेच जन्मापासून नाही. कणगी भातानं भरलेली, पण झाकण उघडत नाही. थोडं थांबलं की रक्तातून दुसरं इंधन पोचतं, मग ती सावकाश चालू शकते. बळंच धावलं की स्नायूच तुटतात, त्यांचा रंग लघवीत उतरतो; तिनं बसणं हेच बरोबर होतं.

आई ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे ती खोटं बोलत नव्हती."

मी तिच्यापुढं खुर्ची सरकवली.

"हंडा घेऊन येताना वाटेत बसायची," आई म्हणाली. "मी मारलाय तिला."

पाटील सरांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली आणि बाहेर निघून गेले.

जानेवारीत किहीमला सहल गेली. बस थांबली तिथून किनाऱ्यानं पुढच्या वाडीपर्यंत चालायचं होतं. आता सायलीला कुणी काही बोलत नव्हतं, पण सगळे तिच्याकडं बघत होते, आणि ते तिला जास्त लागत होतं. ती बसेना. दात आवळून चालत राहिली. मी हाक मारणार, एवढ्यात पुढं चाललेले पाटील सर धपकन वाळूत बसले.

"सर! काय झालं?"

"दमलो. बसा सगळे."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. एक जण म्हणालाच, "सर, तुम्ही आणि दमलात?"

"माझ्यात एक एन्झाईम कमी आहे," सर म्हणाले.

"कुठलं, सर?"

सरांनी बुटांच्या नाड्या सोडल्या. सगळे बसले. सायलीही बसली. थोड्या वेळानं तीच आधी उठली, ड्रेसवरची वाळू झटकली आणि सरांपुढं हात केला.

"उठा सर. आता जमंल तुम्हाला."