तिचं म्हणणं मी सांगतलं

हे मी माझ्या पोरीलेही सांगतलं नाही. संगीता इथंच प्रताप नगरात राहते, रोज डबा घेऊन येते, मी जेवेपर्यंत समोर बसते — तिलेही नाही. तुम्ही मले ओळखत नाही. म्हणून तोंड उघडून राहिलो असेन.

कौसल्या माझी बायको. तोंडाच्या कॅन्सरनं गेली. जिंदगीभर तंबाखू-सुपारीचा खर्रा मी घोटला अन् रोग तिले झाला. ती बिचारी फक्त सकाळी दातांले गुडाखू, तंबाखूचं मंजन, लावे. लोक म्हणतात, बुढ्यानं बायकोची लय सेवा केली. केली. भरवलं, धुतलं, पुसलं, सगळं केलं. पण त्याच्या आधी काय केलं, ते कोणी विचारलं आहे?

मी खापरखेड्याच्या वीजघरात कोळशावर काम केलेला माणूस. चौथी पास. दवाखान्यातल्या मोठ्या खोलीत मले बोलावलं, तेव्हा चप्पल बाहेर काढू का घालून आत जाऊ, हेही समजेना. तिथं नवीन पद्धत होती. एका पेशंटसाठी सगळे एका टेबलाभोवती बसत — कापणारा डॉक्टर, औषधाचा डॉक्टर, रेडिएशनचा शेक देणारी डॉक्टरीण, सिस्टर, खाण्यापिण्याचं पाहणारी बाई, ऑपरेशननंतर बोलणं शिकवणारी पोरगी. अन् मागच्या खुर्च्यांवर लहान गावांतले डॉक्टर-नर्स, असं मिळून काम कसं करतात ते शिकाले आलेले.

कौसल्या बाहेर बाकड्यावर थैली धरून बसली होती. आमच्यात असंच. बाईमाणूस थैली सांभाळते, माणूस आत जाऊन येतो. तिले आत आणावं, हे मले सुचलं नाही — का सुचलं होतं? सुचलं होतं.

कारण ती येताना बसमध्येच बोलली होती. जबडा अर्धा काढावा लागेल, हे आधल्या खेपेलेच आम्हाले सांगतलं होतं. तीच म्हणाली, "काढा म्हणा, संगीताचे बाबा. जे काढाचं ते काढा म्हणा. मी पदर घेईन तोंडावर. नातीचं लगन पाहाचं आहे मले." वरून हसली. म्हणे, "अर्ध्या तोंडानं तुमाले शिव्याही कमी बसतील."

आता ऐका.

आत सगळ्यांनी आपापलं सांगतलं. छातीचं मांस घेऊन गाल भरू. नळीनं खाणं देऊ. बोलणं हळूहळू येईल. मंग डॉक्टरनं ऑपरेशन झालेल्या एका बाईचा फोटो दाखवला, मले समजावं म्हणून. मी पाहिला. त्या बाईच्या जागी कौसल्या दिसली. त्या तोंडासमोर बसून जेवाचं? सकाळी उठून ते पाहाचं?

डॉक्टरनं विचारलं, "काका, काकूंचं काय म्हणणं आहे?"

प्रत्येकाले तिथं एक काम होतं. माझं काम एवढंच होतं.

मी म्हणालो, "ती नाही म्हणते."

मागून एका शिकाऊ नर्सनं विचारलं, काकूंना आत बोलवायचं का? मी झटकन बोललो, नको, घाबरते ती. घाबरत कोण होतं? ते सगळे भले लोक. माझ्या पांढऱ्या केसांवर विश्वास ठेवला त्यांनी.

बाहेर आलो. कौसल्या थैली घेऊन उभी राहिली. म्हणे, काय म्हणतात गा? मी म्हणालो, "आता ऑपरेशन जमत नाही म्हणतात." आत एक खोटं, बाहेर दुसरं. मधात फक्त एक दरवाजा.

तिनं थैली खांद्याले लावली. मंग मलेच म्हणाली, "डॉक्टरच नाही म्हणतात, तर तुम्ही काय करान?" मले धीर देऊन राहिली होती ती.

ऑपरेशननं वाचली असती काय? माहीत नाही. कळाचा रस्ताच मी बंद केला. अन् ज्या तोंडाले भ्यालो, त्याच्याहून खराब तोंड मले पाहावं लागलं. गाल फुटला. वास येई. मी जवळ गेलो की ती पदर ओढून घेई, बापा, मले दिसू नये म्हणून. माझं खोटं तिले समजलं होतं काय? हे विचारायची हिंमत माझ्यात तेव्हाही नव्हती.

अजून संपलं नाही. खरी शरम पुढंच आहे.

ती गेल्यावर दवाखान्यानं मले बोलावलं, शिकणाऱ्यांसमोर घरच्या माणसाची बाजू सांगाले. डॉक्टर म्हणाले, पेशंटचं ऐकायचं कसं, ते या काकांकडून शिका. एका पोरीनं विचारलं, काकू नेमकं काय म्हणाल्या होत्या? अन् मी तिथं उभ्या-उभ्या बनवलं. म्हणालो, ती म्हणे, देवानं दिलं त्या तोंडानंच जाऊ द्या मले. कोणी डोळे पुसले. बऱ्याच जणांनी लिहून घेतलं.

तेव्हापासून नवीन लोक शिकाले आले की मले बोलावतात. मी जातो. कधी नाही म्हटलं नाही. काहून? तिथं मी चांगला नवरा असतो. दरवेळी तेच वाक्य बोलतो, आता तर आवाजही जिथं भरून यावा तिथंच येते. ते वाक्य घेऊन ते आपापल्या गावी जातात, अन् पेशंटचं म्हणणं घरच्या माणसाच्या तोंडून ऐकतात.

ती तसं बोलली नव्हती. ती म्हणाली होती, काढा म्हणा.