पाण्याच्या दिवशीचे पट्टे

पीएच.डी.चं हे माझं सातवं वर्ष. मुदत दोनदा वाढवून घेतली, तिसऱ्यांदा मिळत नाही. कॉलेजात शिकवून उरलेल्या वेळात मी बिस्मथ टेल्युराइडच्या स्फटिकाचा पृष्ठभाग पाहतो. हा स्फटिक आतून वीज जवळपास अडवतो, पृष्ठभागावरून मात्र वाहू देतो. त्यावरून एक सुई न टेकवता फिरवायची. मधल्या फटीतून जो नाममात्र प्रवाह जातो, त्यावरून चित्र तयार होतं. हादरे लागू नयेत म्हणून यंत्राच्या फरशीखाली स्कूटरच्या चार ट्यूबा हवा भरून ठेवल्या आहेत.

गेल्या वर्षी चित्रांत बारीक समांतर पट्टे दिसू लागले. पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन अडथळ्याला आपटून परततात तेव्हा असेच पट्टे पडतात. माझे मार्गदर्शक माझ्याहून सात वर्षांनी लहान. ते म्हणाले, "सर, पाचवं प्रकरण झालं की तुमचं. लिहायला बसा."

बसलो. घरी स्वयंपाकघरात चित्रांच्या तारखा उतरवत होतो. पट्ट्यांची चित्रं अकरा. बायको भाजी चिरता चिरता वहीत डोकावली, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागली. नळाला पाणी येतं त्या तारखेला ती लाल गोल करते.

"अहो, तुमचे पट्टे पाण्याच्याच दिवशी येतात की."

घर आणि कॉलेज दोन्ही शहराच्या जुळे सोलापूर भागात, पाण्याचा दिवस एकच. त्या दिवशी कॉलेजची टाकी भरायची मोटर दिवसभर चालते, आमच्या खोलीच्या भिंतीपलीकडे. मी तारखा ताडून पाहिल्या. अकराच्या अकरा जुळल्या.

पुढच्या पाण्याच्या दिवशी सुईचा वेग निम्मा केला. पट्टे स्फटिकाचे असते तर जागच्या जागी राहिले असते. त्यांच्यातलं अंतरही निम्मं झालं. म्हणजे पट्टे मोटरच्या हादऱ्यांचे.

मोटर थोडा वेळ बंद ठेवता येईल का, असं ऑफिसात विचारलं. हेडक्लार्क म्हणाले, "सर, पाणी पाच दिवसांनी येतंय. सुईसाठी टाकी रिकामी ठेवू का?"

मार्गदर्शकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "परीक्षक काय तुमच्या घरचं कॅलेंडर बघायला येणारेत?"

"मला माहीत आहे ना, सर. प्रकरण काढतो."

"मग त्याच्या जागी नवं काही मुदतीत बसवा."

मुदतीपर्यंतचे पाण्याचे दिवस अंदाजाने खोडले. परीक्षा, पर्यवेक्षण, पेपर तपासणी वजा केली. सुई लावण्याजोगे एकोणीस दिवस उरले. काल त्यातला पहिला होता. चित्र स्वच्छ आलं. त्यात एकही पट्टा नाही, दुसरंही काही नाही.