कुंकवाचं टॉलरन्स

मेलमध्ये आमच्या गिअर नॉबचा फोटो होता. नॉबच्या डोक्यावर हळदीचं बोट आणि त्यावर कुंकवाची टिकली. बाण काढून स्पेनच्या इंजिनिअरबाईंनी विचारलं होतं, ‘हे ड्रॉइंगवर नाही. कशासाठी आहे?’

मी अंबडच्या एका लहान मशिन शॉपमध्ये क्वालिटी बघते. म्हणजे इतरांच्या चुका शोधते आणि शिव्याही मीच खाते. हा नॉब स्पेनमधल्या एका छोट्या कंपनीचा होता. ते महागड्या स्पोर्ट्स कार बनवतात. हातानं, एकेक, ऑर्डर आली तरच. आम्ही ट्रकचे ब्रॅकेट क्रेटनं मोजणारी माणसं. त्यांनी सॅम्पलचा एकच नग मागवला. तो पास झाला तर काम आमचं, आणि मालक विलासशेठ शेजारच्या गाळ्यांत आधीच पेढे वाटून मोकळे झाले होते.

कुंकू कोणी लावलं हे विचारायची गरज नव्हती. काशिनाथकाका, सायखेड्याहून रोज येणारे आमचे सगळ्यांत जुने मशिनिस्ट. नवीन जॉबचा पहिला नग मशिनवरून उतरला की ते त्याला हळदकुंकू लावतात. तो नग देवाच्या फोटोपुढे ठेवायचा आणि दुसरा ग्राहकाला पाठवायचा, ही आमची पद्धत. पण इथे दुसरा नगच नव्हता. पहिला तसाच लॅकरला, म्हणजे पारदर्शक थर मारायला गेला. लॅकरवाल्यानं कुंकवासकट फवारलं. आता ते घासूनही निघणार नव्हतं.

मी तपासला नव्हता का? तपासला होता की. सगळी मापं घेतली, सही केली. बारा वर्षं पहिल्या नगावर कुंकू बघून डोळ्यांना ते दिसेनासंच झालं होतं.

शेठ मात्र काकांवर घसरले. “काका, उद्यापासून घरी बसा.”

काकांनी हात पुसले, डबा उचलला आणि गेले. मला फार लाज वाटली. सही माझी होती आणि घरी ते बसले.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल. इंजिनिअरबाईंचं नाव मार्ता. त्यांनी तोच प्रश्न विचारला. शेठ कॅमेऱ्याच्या मागून हातवारे करायला लागले. तपासलेल्या नगावर रंगाचा ठिपका द्यायची पद्धत सगळीकडे असते. मी ठोकून दिलं, “इन्स्पेक्शन मार्क आहे.”

“फार सुंदर,” मार्ताबाई म्हणाल्या. “प्रत्येक नॉबवर हवा.”

दोन दिवसांत नवीन ड्रॉइंग आलं. त्यावर कुंकू होतं. टिकलीचा व्यास सात मिलिमीटर. टॉलरन्स, म्हणजे चालेल एवढं कमीजास्त, अर्धा मिलिमीटर. शिवाय लाल आणि पिवळ्या मालाचं टेस्ट सर्टिफिकेट जोडा.

मी पंचवटीत गेले. दुकानदार म्हणाला, “बाई, सर्टिफिकेट? एवढ्या सवाष्णी नेतात, अजून एकीनं मागितलं नाही.” शेवटी त्यानं बिलाच्या पाठीमागे ‘माल चोख आहे’ लिहून शिक्का मारला. मी त्याचं इंग्रजी करून पाठवलं. ते पास झालं.

टिकली मात्र पास होईना. शेठनी स्वतः लावून बघितली, ती अकरा मिलिमीटर भरली. माझी एका बाजूला ओघळली. स्टिकरला गोल भोक पाडून त्यातून मारली, तर मार्ताबाई म्हणाल्या, “ही छापलेली दिसते. पहिल्या सॅम्पलसारखी हवी.” पहिल्या सॅम्पलवर काकांचं बोट होतं. ते बोट सायखेड्याला होतं.

शेठ आणि मी गेलो. काका कांद्याच्या चाळीत कांदा निवडत होते. शेठ त्यांच्यासमोर पालथ्या पाटीवर बसले.

“काका, चुकलं माझं. उद्यापासून या. सगळ्या नगांना कुंकू लावायचंय.”

“सगळ्यांना?” काकांनी हातातला कांदा खाली ठेवला. “पयल्या नगाला लावत्यात, शेठ. सगळ्यांना लावायला ह्ये काय संक्रांतीचं हळदीकुंकू हाय?”

“ग्राहकाला हवंय हो.”

“त्याला हवं म्हून रीत मोडू? जमायचं नाय.”

शेठचा चेहरा उतरला. ग्राहकापेक्षा काका वरचढ इन्स्पेक्टर निघाले. मग मीच खरं सांगून टाकलं; सही माझी, खोटंही माझंच. काकांनी खाली ठेवलेला कांदा पुन्हा उचलला.

“ताई, एका गाडीला किती नॉब?”

“एक.”

“आन गाड्या? एकदम लय करत्यात?”

“नाही काका. एक झाली की मग दुसरी.”

काकांनी उठून टोपी झटकली. “मंग दर गाडीचा पयलाच नग हाय की त्यो. आधी नाय का सांगायचं!”

सोमवारी ते कामावर आले. आता आमच्या कंट्रोल प्लॅनमध्ये, म्हणजे कोणतं काम कसं करायचं त्या कागदावर, शेवटची ओळ अशी आहे: ऑपरेशन सत्तर, हळदकुंकू. टूल, उजव्या हाताची अनामिका. ऑपरेटर, काशिनाथ, ग्राहकाच्या लेखी परवानगीशिवाय बदलू नये. काका साठीला आले तेव्हा शेठनी निवृत्तीचा विषयसुद्धा काढला नाही. उलट त्यांना घरी विळीवर बसू देऊ नका, असा काकूंना फोन केला.

ग्राहकाशी खोटं बोलू नये, हे मी नीती म्हणून सांगत नाही. खोटं एकदा ड्रॉइंगवर चढलं की ते दर वेळी, अर्ध्या मिलिमीटरच्या आत, बनवून द्यावं लागतं.