नलूकाकूंचा फोन चालू ठेवणारी बाई

भिलाईच्या पावर हाउस भागातल्या बाजारात सुजाता मेश्रामचं दुकान पहिल्या फेरीत कुणालाच सापडत नाही. एका अंगाला बॅगांचं दुकान, दुसऱ्या अंगाला कुकर दुरुस्त करणारा, आणि दोघांच्या मधे जी फट उरली तिला शटर लावलेलं. आत एक काउंटर, दोन स्टुलं, एक पंखा. पण भिलाईत कुणाची मुलगी जर्मनीला असो, कुणाचा पोरगा दुबईला, कुणी विहाराच्या सहलीबरोबर श्रीलंकेला निघालेला असो, तिकीट हातात पडलं की माणूस या फटीत येतो. परदेशात फोन कसा चालेल हे विचारायला. आणि गंमत अशी, की ज्या बाईला विचारायला येतात ती भारताबाहेर एकदाच गेलेली. तीही लुंबिनीला, बसने, आणि तिथे तिची चांगलीच फजिती झालेली.

त्या बसमध्ये विहाराची बेचाळीस माणसं होती. निघायच्या आधी सगळ्यांचे रिचार्ज सुजातानेच मारून दिले होते. परदेशचा पॅक घ्यावा लागतो हे तिच्याही डोक्यात आलं नाही, कारण नेपाळ कुठे फॉरेन? आपल्याच शेजारचं. सीमा ओलांडली आणि बेचाळीस फोन एका दमात मुके झाले. घरी तिचा गोलू तापाने फणफणलेला, सासू ललिताबाईंच्या भरवशावर. दोन दिवस पोराची काही खबर नाही. परत भारताच्या हद्दीत आल्यावर पहिला फोन लागला तेव्हा गोलू बरा होऊन भात खात होता, पण त्या दोन दिवसांनी सुजाताला जे शिकवलं ते कुठल्या कंपनीच्या माणसाने शिकवलं नसतं. लोक तिला एका शब्दाने बोलले नाहीत. तेच तिला जास्त लागलं.

तेव्हापासून तिने हा विषय असा धरला, की विचारू नका. कुठल्या देशात कुठलं सिम, ई-सिम, म्हणजे कार्ड नसलेलं, फोनच्या आतच उतरणारं सिम, कुणाच्या फोनमध्ये बसतं, प्लॅनचे दिवस कधीपासून मोजतात, सगळं वहीत. दुसरी दुकानं काय करतात? "युरोप? हा घ्या, अनलिमिटेड." सुजाता चष्मा लावून अनलिमिटेडच्या खालची बारीक अक्षरं वाचते आणि सांगते, की दिवसाला एक जीबी झाला की याची बैलगाडी होते. भाव ती शेवटी सांगते. आधी विचारते: किती दिवस? उतरल्यावर घ्यायला कोण? राहाल तिथे वायफाय हाय का? आणि गिऱ्हाईक चिडेपर्यंत विचारून झालं, की बहुतेक वेळा सगळ्यात लहान प्लॅन हातात देते. असा धंदा करून कुणी माडी बांधत नाही, आणि तिनेही बांधलेली नाही. पण तिच्याकडून गेलेलं माणूस तिकडे जाऊन मुकं झालं असंही गेल्या सहा वर्षांत घडलं नव्हतं.

मार्चमध्ये शालिकराम टेंभरे आणि नलूकाकू आले. शालिकराम स्टील प्लांटमधले रिटायर्ड इलेक्ट्रिशियन, चौतीस वर्षं कोक ओव्हनच्या भट्ट्यांवर काढलेली, मूळचे भंडाऱ्याकडचे. मुलगी नीतू जर्मनीत, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. दोघांनी जायचं तर एकाचाच व्हिसा झाला, म्हणून नलूकाकू एकट्या निघाल्या होत्या. इंग्रजीचं एक अक्षर येत नाही.

"जावई पीयूष घ्याले येते म्हणते," नलूकाकू म्हणाल्या, "पण नीतूले अचानक दवाखान्यात न्या लागलं तर तो कसा येईन? पीयूष म्हणे, आई, फोन चालू पाह्यजे बस. मी फोनवर सांगत जाईन, तुमी येत जा."

सगळी गोष्ट त्या 'बस'वर टांगलेली होती. फोन चालला तर नलूकाकू लेकीजवळ. नाही चालला तर फ्रँकफर्टच्या विमानतळावर लुगडं नेसलेली एक बाई, चार बॅगा, आणि कुणाशी बोलावं हे ठाऊक नाही.

शालिकरामांनी तीन महिन्यांचा मोठा प्लॅन मागितला. एकुलत्या एक लेकीचं बाळंतपण, तिथे काटकसर कशाला!

"काकाजी, पोरीच्या घरी वायफाय नाई का?" सुजाताने विचारलं.

"हाय न."

"मग तीन महिन्याचा कावून घेता? पह्यले सात दिवस चालन असा घ्या. पुढचं जावई तिथलं सिम घेऊन देते. सस्तं पडते."

फोन नवा होता, ई-सिम बसलं. सुजाताने नलूकाकूंना दोन लाइनी दाखवल्या. भारताचं सिम आतच राहील, फक्त त्याचा डेटा बंद, नाहीतर तिकडे हजारोंचं बिल येतं. जर्मनीची लाइन बसवलेली आहे; उतरल्यावर हे बटण चालू करायचं, आधी केलं तर सात दिवस इथूनच मोजायला लागतील. नलूकाकूंनी ते बटण तिच्यासमोर सात वेळा चालू-बंद केलं. शालिकराम मागे उभे राहून लक्ष देऊन पाहत होते. फारच लक्ष देऊन.

चार दिवसांनी ते दुपारी अडीचला दुकानात आले, एकटे, रायपूरच्या विमानतळावरून थेट. चेहरा कामगिरी फत्ते केल्यासारखा. नलूकाकू दिल्लीच्या विमानात बसल्या होत्या. तिथून पुढचं विमान रात्री.

"एकदम सेफ करून पाठवलं," शालिकराम म्हणाले आणि शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढून काउंटरवर ठेवली. पुडीत नलूकाकूंचं भारतातलं सिम होतं.

सुजाताने पुडीतलं सिम उलटून पाहिलं.

शालिकरामांच्या खात्यात जुना रिवाज होता. मोटरवर हात घालायचा तर नुसता स्विच पाडून भागत नाही. कुणाचा धक्का लागेल, कुणी चुकून चालू करेल, आणि माणूस जाईल. म्हणून फ्यूज काढायचा आणि आपल्या खिशात ठेवायचा. चौतीस वर्षांत त्यांच्या हाताखालच्या एकाही पोराला झटका बसला नव्हता, तो या खिशामुळे. मग बायकोच्या बाबतीत ते बटणावर कसे विसंबणार? सकाळी नलूकाकू देवापुढे बसल्या असताना त्यांनी सिम काढून घेतलं. जर्मनीचं सिम काही हाताला लागेना. मग फोनमध्ये शोधून शोधून त्यांनी 'ई-सिम काढून टाका' हे दाबलं. फोनने दोनदा विचारलं, यांनी दोनदा हो म्हटलं.

"जर्मनीत उतरल्यावर बसवन ती ते परत," ते म्हणाले.

एकदा काढलेलं ते ई-सिम परत बसत नाही. त्याचा चौकोनी कोड एकदाच चालतो. आणि नलूकाकूंच्या फोनमध्ये आता एकही लाइन नव्हती, म्हणजे त्यांना कळवायचीही सोय नव्हती. दुसरी एखादी दुकानदारीण म्हणाली असती, आता ज्याचं त्याने निस्तरावं. बोलायला तिच्याकडे वहीभर होतं. पण समोरचा माणूस आपल्या बायकोला झटका बसू नये म्हणून हे करून आला होता, आणि ते समजून घेण्याइतकं मोठं मन त्या फटीएवढ्या दुकानात होतं.

"काकूले तुमचा नंबर पाठ हाय का?" तिने एवढंच विचारलं.

"हाय. अठरा वरसापासून एकच हाय." मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाले, "सुजाता, मी काही बिघडवलं का व?"

"बसा काकाजी. फोन इथं ठेवा. दिल्लीत उतरून नेटवर्क नाई दिसलं, त काकू कोणाचा तरी फोन मांगन."

तिने खरं काय ते सांगितलं, काही न लपवता, आणि सांगता सांगता नवीन ई-सिम विकत घेऊनही टाकलं. शालिकराम पाण्याचा ग्लास हातात धरून बसले, प्याले नाहीत. दोन गिऱ्हाइकं आली. सुजाताने त्यांना उद्या या म्हटलं. साडेतीन झाले. चार झाले. तिला बसमधले ते दोन दिवस आठवत होते, आणि भीती वाटत होती हे तिने स्वतःशी कबूल केलं.

चार वाजून वीस मिनिटांनी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"अहो," पलीकडून नलूकाकू, रडकुंडीला आलेल्या, "फोनात काहीच नाई दिसून राहिलं! इथं झाडू मारते न, त्या बाईचा फोन घेतला मी."

सुजाताने फोन घेतला. आधी त्या झाडूवाल्या बाईशी हिंदीत बोलली. बहन, तुम्हारा दस मिनट चाहिए, इनकी बेटी की जचकी है. त्या बाईने झाडू भिंतीला टेकवला. सुजाताने चौकोनी कोड तिच्या फोनवर पाठवला आणि तिच्याच फोनचं नेट नलूकाकूंच्या फोनला जोडायला लावलं, कारण नवी लाइन उतरवायला नेट लागतं, आणि कोड एका फोनवर दिसावा लागतो, वाचायचा दुसऱ्या फोनने. एक बाई फोन समोर धरून उभी, दुसरी कॅमेरा रोखून, आणि हजारभर किलोमीटरवरून तिसरी सांगतेय, काकू, खालचं निळं दाबा. नाई, ते नाई, खालचं. पहिल्या वेळी जमलं नाही. दुसऱ्या वेळी कोड अर्धाच कॅमेऱ्यात आला. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "लाइन दिसून राहिली व सुजाता! नाव बी आलं!"

"आता हे बटण उतरल्यावरच चालू करजो. आणि व्हॉट्सॲप म्हणन नंबर बदलला का, त नाही म्हणजो."

फोन ठेवल्यावर सुजाताने पहिलं काम केलं ते त्या झाडूवाल्या बाईच्या नंबरवर महिन्याभराचा रिचार्ज मारण्याचं. शालिकराम पैसे काढायला लागले तर म्हणाली, ते माझ्याकडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर जायच्या आधीच शालिकराम पायरीवर बसलेले. अकराच्या सुमाराला नलूकाकूंचा मेसेज आला, उतरल्याचा. आणि मागोमाग पीयूषचा: नीतूला पहाटेच दवाखान्यात न्यावं लागलं, मी तिला सोडून निघू शकत नाही, आईशी फोनवर आहे. मग दोन तास काही नाही. दुकानात गिऱ्हाईक येत होतं, जात होतं. सुजाता सुटे पैसे चुकीचे देत होती.

एक वाजता व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आधी नुसती छताची पांढरी पट्टी, मग नलूकाकूंची अर्धी हनुवटी.

"पोह्यचलो," त्या म्हणाल्या. धापा टाकत होत्या. "पीयूष सांगत गेला, मी फोन समोर धरून पाट्या दाखवत आलो. टॅक्सीवाल्याशी बी तोच बोलला. मी आलो, अन् वीस मिनटात पोट्टी झाली. नीतू मले आई आई करून बोंबलत होती वो, अन् मी तिथं होतो. तिचा हात धरून होतो."

मागून तान्ह्या मुलीचं रडणं ऐकू आलं, बारीक आणि रागीट.

"सुजाता हाय का तिथं?" नलूकाकूंनी विचारलं. "तिच्याकडं धरा फोन. पोरीचं तोंड तिले दाखवतो."

शालिकरामांनी दोन्ही हातांनी फोन तिच्यासमोर धरला. गेली कित्येक वर्षं लोक तिच्याकडून लाइन घेऊन जात होते. पलीकडे कोण भेटलं हे आजवर कुणी तिला दाखवलं नव्हतं. सुजाता मेश्राम भर दुपारी, चार गिऱ्हाइकांसमोर, पदर तोंडाला लावून रडली.